सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याची गावे ओळखून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बदलीवर आलेले कर्मचारी, शिकायला आलेली मुले, लग्न होऊन इथे आलेल्या लेकीसुना आणि बाहेरगावी नोकरी करून परतलेले सोलापूरकर अधूनमधून असे विचारतात, की शहर तर पाहून झाले, पण जिल्हा कसा पाहायचा? गेली बरीच वर्षे मी सुटीच्या दिवशी एसटीने या गावांतून फिरत आलो आहे, आणि पुन्हापुन्हा कानावर आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. देवदर्शनाच्या धावत्या सहलीसाठी ही माहिती नाही. एखादे गाव आपल्या ओळखीचे व्हावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी ती आहे.

तालुक्याचे गाव म्हणजे नेमके कोणते? जिल्ह्यात अशी किती गावे आहेत?

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांपैकी उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या दोन तालुक्यांच्या कचेऱ्या शहरातच असल्यामुळे तालुक्याची गावे म्हणून नऊ उरतात: अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, सांगोला आणि मंगळवेढा. मात्र एवढ्यावर थांबल्यास जिल्हा अर्धाच कळेल, कारण कचेरी जिथे असते तिथेच बाजारपेठ असते असे नाही. माढ्यापेक्षा कुर्डुवाडी मोठी झाली ती रेल्वेमुळे, आणि माळशिरसपेक्षा अकलूज मोठे झाले ते नीरेचे पाणी, ऊस आणि सहकारी साखर कारखाना यांमुळे. टेंभुर्णी, वैराग, नातेपुते, दुधनी, मैंदर्गी ही गावेही याच पंक्तीत बसतात. खेड्यातला माणूस सातबारा, बी-बियाणे, चष्मा, लग्नाचा बस्ता किंवा मुलीचा कॉलेजप्रवेश अशा एखाद्या कामासाठी सकाळी ज्या गावी येतो आणि दिवेलागणीच्या आत परत जातो, ते तालुक्याचे गाव, अशी साधी खूण मी धरली आहे.

सुरुवात कोणत्या गावापासून करावी?

माझे उत्तर नेहमी मंगळवेढा असे असते. सोलापूरपासून हे गाव साधारण ५५ किलोमीटरवर, सांगोला-मिरज महामार्गावर आहे. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे एसटीने किंवा स्वतःच्या गाडीनेच जावे लागते. जिल्ह्याचा इतिहास, जमीन आणि भक्तिपरंपरा या तिन्ही गोष्टी इतक्या थोड्या जागेत एकत्र सापडणारे दुसरे गाव मला माहीत नाही.

बाराव्या शतकात हे कलचुरी घराण्याचे राजधानीचे ठिकाण होते, आणि कल्याणला (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) जाण्यापूर्वी महात्मा बसवेश्वर येथे राजाच्या पदरी कारकुनीच्या कामावर होते. पुढे बीदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पण ती मंगळवेढ्यात ऐकताना निराळी लागते, कारण ज्या मुलखात पाऊस वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच पडतो आणि तोही भरवशाचा नसतो, तिथे कोठार उघडणाऱ्या माणसाला संत म्हणणे हे लोकांनी अनुभवातून ठरवलेले आहे. संत चोखामेळा याच गावी कुसाचे, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचे, बांधकाम कोसळून त्याखाली गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीसमोर आहे. संत कान्होपात्राही मंगळवेढ्याच्याच.

गावाबाहेर पडले की काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन दिसते. या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरतात, आणि पुढे पाऊस नसतानाही थंडी व दव यांवर ती उभी राहते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारीत येथील शिवारातून एकदा चालून यावे. पुरुषभर उंचीची हिरवी ताटे, त्यावर भरत आलेली कणसे आणि पाखरे हाकणाऱ्यांचे दुरून येणारे आवाज यांच्या सोबतीने दामाजीपंतांची कथा आठवली, की तिच्यातल्या धान्याला वजन येते.

बाजाराच्या दिवशी जावे की इतर दिवशी?

पहिल्या भेटीला बाजाराच्या दिवशी, आणि दुसऱ्या भेटीला आवर्जून बिगरबाजाराच्या दिवशी जावे. आठवडी बाजाराला गावात तालुका उतरलेला असतो; इतर दिवशी गाव स्वतःचे असते. दोन्ही रूपे पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. प्रत्येक गावाचा बाजारवार ठरलेला असतो आणि तो एसटीच्या वाहकाला किंवा बसस्थानकावरच्या चहावाल्याला विचारल्यास लगेच कळतो.

जनावरांचा बाजार पाहायचा असेल तर रविवारी सांगोल्याला जावे, आणि उजाडण्याच्या सुमारास पोहोचावे, कारण ऊन चढले की मोठे सौदे उरकलेले असतात. पांढरी, काटक, मागे वळलेल्या लांब शिंगांची खिलार जनावरे हे या भागाचे वैभव आहे. गिऱ्हाईक आधी लांबून चाल पाहते, मग जवळ येऊन जनावराचा ओठ वर करून दात पाहते आणि त्यावरून जनावराचे वय, म्हणजे ते आदत, दुसा, चौसा की जुळलेले, हे ठरते. यानंतरचा प्रकार नवख्या माणसाला चटकन कळत नाही. विकणारा आणि घेणारा हस्तांदोलन करावे तसे हात हातात घेतात, दलाल त्यावर टॉवेल किंवा उपरण्याचा पदर टाकतो, आणि त्या कापडाखाली बोटे दाबून भाव सांगितला जातो. तोंडाने आकडा उच्चारला जात नाही. एक जण मान हलवतो, दुसरा पुन्हा बोटे धरतो, आजूबाजूचे सगळे त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत असतात. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सौदा तुटल्यावर आपल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसून टाकला. त्या दिवशी तो बैल घरी परत जाणार होता, आणि माझ्या मते म्हाताऱ्याला त्याचे दुःख नव्हते.

अशा बाजारात मोबाईल काढून सौद्यावर रोखू नये. विचारून फोटो काढल्यास कोणी नाही म्हणत नाही. पण कापडाखालचा भाव हा दोघांचा असतो.

पंढरपूरला लहान गाव म्हणता येईल का? वारीच्या काळात जावे का?

वारी पाहायची असेल तर वारीत जावे. पंढरपूर पाहायचे असेल तर एकादशी टाळून जावे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या वेळी गावाच्या अंगावर त्याच्या कित्येक पट माणूस असतो, आणि तेव्हा दिसते ती वारी. साध्या मंगळवारी दुपारी चंद्रभागेच्या वाळवंटातून पुंडलिकाच्या मंदिरापर्यंत चालत गेल्यास, मठांच्या ओवऱ्यांतून कोणीतरी एकटाच वीणा घेऊन उभा असलेला दिसतो, कुंकू-बुक्क्याच्या दुकानांत माल भरण्याचे काम चाललेले असते, आणि जुन्या वाड्यांच्या बोळांतून शाळेची मुले घरी जात असतात. तेव्हा हे चार-पाच पेठांचे नदीकाठचे गाव वाटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दिवशी आठवावी. दलितांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर मंदिर सर्वांसाठी खुले झाले. चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे. त्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे थोडेसे अंतर कापायला समाजाला सहाशे वर्षे लागली. नामदेव पायरीपाशी येणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर थांबून ते अंतर डोळ्यांनी मोजावे, असे मला मनापासून वाटते.

पालखीमार्गावरची गावे पाहण्यासारखी आहेत का?

निश्चितच आहेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोहोचते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजकडून येते. सदाशिवनगरजवळचे गोल रिंगण पाहायला दूरदूरहून लोक येतात. पालखी नसताना वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर शांतपणे पाहता येते. अकलूजला नीरेकाठचा किल्ला आहे, आणि लावणी स्पर्धेमुळे व घोड्यांच्या बाजारामुळे हे गाव जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. २०२१ पर्यंत एवढ्या मोठ्या गावाला नगरपरिषद नव्हती, ग्रामपंचायतच होती.

बार्शी आणि कुर्डुवाडी यांचे रेल्वेशी एवढे नाते का सांगितले जाते?

मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला टाळून गेला. बार्शी ही धान्याची आणि कापसाची मोठी पेठ. तिच्या पूर्वेला निजामाचे राज्य सुरू होत असे आणि तिकडचा माल बैलगाड्यांनी बार्शीत येत असे. हा माल मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभारली. ती १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आज कुर्डुवाडी म्हणून ओळखले जाणारे स्थानक तेव्हा ‘बार्शी रोड’ होते. रेल्वेची वर्कशॉप, क्वार्टर, निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे आणि रात्री-अपरात्री जागे असणारे स्थानक यांतून कुर्डुवाडी घडली.

आता सगळा मार्ग रुंद झाला आहे आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली आहे. तरीही ‘बार्शी लाइट’चा विषय काढल्यावर साठीच्या पुढच्या माणसाचा चेहरा खुलतो, आणि चढावर गाडीचा वेग मंदावला की खाली उतरून पुन्हा चढणाऱ्या उतारूंच्या गोष्टी सुरू होतात. वारकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या याच गाडीने पंढरीला गेल्या.

बार्शीत भगवंताचे मंदिर पाहावे. विष्णूचे ‘भगवंत’ या नावाने असलेले हे देवस्थान म्हणजे गावाची खरी ओळख आहे, आणि बार्शीकर आपल्या गावाला प्रेमाने भगवंतनगरी म्हणतात. सकाळी बाजार समितीच्या आवारातही एक चक्कर मारावी. तूर, हरभरा, उडीद यांच्या राशी, हमालांच्या हातातले आकडे आणि लिलाव पुकारणाऱ्याचा सूर पाहिल्या-ऐकल्यावर ही लोहमार्गाची खटपट कशासाठी झाली ते वेगळे सांगावे लागत नाही. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेमुळे, तसेच गावातल्या कर्करोग रुग्णालयामुळे शेजारच्या जिल्ह्यांतील माणसेही येथे येतात.

अक्कलकोटकडे कन्नड बोलतात, मग अडचण येते का?

अडचण येत नाही. उलट कान उघडे ठेवल्यास आनंद होतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याचा दक्षिण भाग येथे पुष्कळ घरांत कन्नड बोलली जाते, आणि एकाच दुकानात मालक गिऱ्हाइकाशी मराठीत, नोकराशी कन्नडमध्ये आणि शेजाऱ्याशी दखनी उर्दूत बोलताना दिसतो. वडीलधाऱ्या पुरुषाला अण्णा किंवा मामा, बाईला अक्का किंवा मावशी म्हटले की बोलण्याला सुरुवात होते.

अक्कलकोटला बहुतेक लोक स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरात जातात, अन्नछत्रात प्रसाद घेतात आणि परततात. १८७८ मध्ये स्वामींनी येथेच समाधी घेतली. हातात वेळ असल्यास भोसले संस्थानिकांचा राजवाडा आणि तेथील शस्त्रागार पाहावे, आणि जुन्या पेठेतून पायी फिरावे. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की अक्कलकोट रोड स्थानक गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे.

कोणते ठिकाण लोकांच्या नजरेतून सुटते?

हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हे ठिकाण आहे. येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर १०१८ सालचा म्हणजे शके ९४० मधील लेख असून, तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये गणला जातो. त्यातील मराठी वाक्याचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी, आजही कन्नड आणि मराठी शेजारी-शेजारी नांदतात त्याच पट्ट्यात, कोणीतरी दगडावर मराठी अक्षरे कोरली आणि वाचणाऱ्याला आशीर्वाद दिला. अंधाऱ्या मंडपात मान वर करून ती अक्षरे शोधताना मला आपल्या भाषेबद्दल जे वाटले, ते दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी वाटलेले नाही. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात सापडलेले, असंख्य लहान मुखे कोरलेले शिवलिंगही येथे आहे. सोबत पाणी आणि खाणे घेऊन जावे.

मंगळवेढा तालुक्यातील भीमाकाठचे माचणूर हेही असेच एक ठिकाण. सिद्धेश्वर मंदिर, घाट आणि किल्ला एकमेकांना लागून आहेत. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षे याच परिसरात ब्रह्मपुरीला होती.

करमाळा फार लांब आहे. एवढ्या लांब जावे का?

सोलापूरहून करमाळा लांब पडते हे खरे, आणि त्यामुळेच ते निराळे राहिले आहे. गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक जेऊर. कमलाभवानीचे मंदिर, त्याचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर आणि ९६ पायऱ्यांची विहीर यांसाठी अर्धा दिवस द्यावा. तालुक्याची दुसरी बाजू उजनीच्या पाण्याची आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याची भिंत माढा तालुक्यात असली तरी फुगवट्याने करमाळ्याची कितीतरी गावे गिळली. आज त्याच काठावर ऊस आणि केळीच्या बागा आहेत आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला जुने गाव कुठे होते हे जरूर विचारावे. तो पाण्याकडे बोट करून देऊळ कुठे, चावडी कुठे, आपली जमीन कुठे ते अचूक सांगतो.

सर्वांत चांगला हंगाम कोणता?

दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी गावे दारे लावून घेतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखाऱ्यांत कणसे खुपसतात आणि भाजलेले कणीस हातावर चोळून गरम हिरवे दाणे पुढे ठेवतात. सोबत शेंगांची चटणी, गूळ आणि दही. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा सर्वांत गोड. याच सुमारास येणारी वेळ अमावस्या बार्शी आणि अक्कलकोटच्या बाजूला शेतात साजरी होते. त्या दिवशी कडब्याच्या कोपीत पूजा मांडून भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खातात, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. हाक आली तर नाही म्हणू नये.

खाण्यापिण्याचे काय?

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे सर्वत्र मिळतात. कडक भाकरी तव्यावरून काढल्यावर चुलीच्या धगीला उभी ठेवून पापडासारखी वाळवतात, त्यामुळे ती कित्येक दिवस टिकते. प्रवासाला आणि वारीला नेण्याची ही शिदोरी आहे. करमाळा, माढा, बार्शी या बाजूला बाजार आमटी अवश्य खावी. बाजाराला आलेल्या लोकांनी वर्गणी काढून, निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवून, भरपूर मसाला घालून केलेली ही झणझणीत आमटी. तिच्यात भाकरी कुस्करून खायची असते.

स्वतःची गाडी बरी की एसटी?

हत्तरसंग कुडल, माचणूर, उजनीचा काठ यांसाठी गाडी बरी. गावासाठी एसटी. गाडीच्या काचेतून रस्ता दिसतो, एसटीत तालुका शेजारी येऊन बसतो. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी: परतीची शेवटची गाडी कोणती हे उतरल्याबरोबर नियंत्रकाला विचारावे, आणि रात्री गावात येऊन थांबणाऱ्या मुक्कामी गाडीला परतीची गाडी समजू नये. ही चूक मी एकदा केली आहे. त्या रात्री चालक-वाहकांनीच ओळखीच्या घरी सांगून माझी पथारी मंदिराच्या ओवरीत टाकून दिली, पिठलं-भाकरी आणून दिली, आणि पहाटे साडेपाचला, गाडी सुटण्याआधी, उठवायला वाहक स्वतः आला.

एका दिवसात किती गावे होतात?

एक.